आर्केड व्हिडिओ गेमचे सुवर्णयुग : आट्यापाट्या, मोक्षपट आणि नाण्याचे रूपतत्त्व

प्रस्तावना

मराठी समीक्षेने नाटक, तमाशा, चित्रपट आणि अलीकडच्या काळात दूरचित्रवाणी मालिका यांची रूपदृष्ट्या चर्चा केली आहे. मात्र नाणे टाकून खेळावयाच्या व्हिडिओ गेमकडे तिने कलारूप म्हणून पाहिलेले नाही. या यंत्रांचा उल्लेख मराठीत येतो तो बहुधा दोन प्रकारे. एक, मुलांच्या बिघडण्याची चिंता म्हणून. दुसरा, चाळिशी-पन्नाशीतील पिढीचे स्मरणरंजन म्हणून. या दोन्ही प्रकारांत यंत्राच्या पडद्यावर प्रत्यक्ष काय घडत होते, हा प्रश्न बाजूला पडतो. प्रस्तुत लेखात 1978 ते 1983 या कालखंडातील काही प्रमुख खेळांचे रूपनिष्ठ वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे. त्या वाचनासाठी लागणारी मापे शक्यतो मराठी परंपरेतून घेतली आहेत. भोर आणि वेल्हे या तालुक्यांचा संदर्भ येथे केवळ अलंकार म्हणून आलेला नाही. ज्या प्रदेशात किल्ला, जत्रा आणि मैदानी खेळ हे अनुभवाचे मूळ घटक आहेत, तेथील वाचक या खेळांकडे कोणत्या दृष्टीने पाहील, हा या विवेचनाचा एक आधार आहे.

'सुवर्णयुग' या संज्ञेची व्याप्ती

आर्केड गेमचे सुवर्णयुग ही संज्ञा मुळात जपान आणि अमेरिका यांच्या बाजारपेठेवरून घडलेली आहे. 1978 मध्ये तैतो या जपानी कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' आला. 1979 मध्ये अटारीचा 'अ‍ॅस्टेरॉइड्स', 1980 मध्ये नामकोचा 'पॅक-मॅन' व अटारीचा 'मिसाइल कमांड', 1981 मध्ये निंटेंडोचा 'डाँकी काँग' आणि अटारीचा 'सेंटिपीड' हे खेळ आले. 1983 च्या सुमारास अमेरिकेतील व्हिडिओ गेम व्यवसाय कोसळला. म्हणजे ज्याला युग म्हटले जाते ते जेमतेम पाच-सहा वर्षांचे आहे.

या युगाच्या शिखराची तारीख सांगावयाची झाल्यास 'टाइम' साप्ताहिकाचा व्हिडिओ गेमवरील मुखपृष्ठकथेचा अंक पुढे करता येतो. त्या अंकावर 18 जानेवारी 1982 ही तारीख आहे. मुंबईतील गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप ज्या दिवशी सुरू झाला तोही हाच दिवस. सुमारे अडीच लाख कामगार त्या दिवसापासून यंत्रांपासून दूर झाले. पश्चिम महाराष्ट्रातील डोंगरी तालुक्यांतून मुंबईला चाकरीसाठी गेलेली घरे गिरणगावात होती, हे येथे लक्षात घ्यावे लागते. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही आणि तो जोडण्याचा मोहही टाळावयास हवा. तथापि एकाच तारखेला जगाच्या एका भागात यंत्र हे नव्या क्रीडेचे साधन म्हणून मिरवत होते आणि दुसऱ्या भागात यंत्र थांबवणे हे कामगाराच्या हातातील शेवटचे साधन ठरत होते, एवढी नोंद 'सुवर्णयुग' हा शब्द महाराष्ट्राला जसाच्या तसा लावता येणार नाही हे दाखवण्यास पुरेशी आहे. पुढे 1990 च्या दशकाच्या अखेरीस लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग अ‍ॅली उभी राहिली. पण तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय होय.

लयतत्त्व आणि 'स्पेस इन्व्हेडर्स'

बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यानुभवाच्या मुळाशी लयतत्त्व मानले आणि संवादलय, विरोधलय व समतोललय असे तिचे तीन प्रकार सांगितले. तोमोहिरो निशिकादो यांच्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळाला ही त्रयी लावून पाहिली असता एक लक्षणीय गोष्ट हाती येते. पडद्यावर प्रत्येकी 11 आकृत्यांच्या 5 रांगा, म्हणजे एकूण 55 आक्रमक असतात. ते एकाच तालावर आडवे सरकतात, कडेला पोचताच एक पायरी खाली उतरतात आणि दिशा बदलतात. चार उतरत्या स्वरांची एक मंद आवर्तने घेणारी ध्वनिरचना त्यांच्या पावलांना साथ देते. ही संवादलय होय. खाली एकटी तोफ आहे. तिला फक्त डावी-उजवीकडे सरकता येते. तिची गती आक्रमकांच्या गतीशी जुळत नाही. ही विरोधलय होय.

आता मर्ढेकरांच्या विवेचनानुसार या दोहोंतून समतोल साधला जावा अशी अपेक्षा निर्माण होते. परंतु या खेळात आक्रमक जसजसे कमी होतात तसतसे उरलेले अधिक वेगाने सरकू लागतात आणि ध्वनीचा तालही द्रुत होत जातो. शेवटचा एकटा आक्रमक सर्वांत चपळ असतो. खेळणारा जिंकण्याच्या जितका जवळ जातो तितका समतोल त्याच्यापासून दूर पळतो. या रचनेचा उगम मोठा मनोरंजक आहे. यंत्रातील प्रक्रियकाला 55 आकृत्या रेखाटताना जो वेळ लागे तो आकृत्या घटल्यावर कमी लागे, आणि म्हणून गती आपोआप वाढे. निशिकादो यांनी ही तांत्रिक मर्यादा दुरुस्त न करता तशीच राखली. साधनाच्या अडचणीतून रूप जन्मते, हे ओवी-अभंगाच्या अभ्यासकास नव्याने सांगावयास नको.

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो. मर्ढेकरांचे लयतत्त्व सिद्ध कलाकृतीसाठी आहे, तर येथे कलाकृती प्रत्येक वेळी खेळणाऱ्याच्या हातून नव्याने घडते. आक्षेप रास्त आहे. परंतु संगीताच्या मैफलीलाही तो तितकाच लागू पडतो, आणि म्हणून तो निर्णायक मानण्याचे कारण नाही.

आणखी एक मुद्दा भूगोलाचा आहे. 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये संरक्षक तळाशी आणि आक्रमक माथ्यावर आहे. तोरणा आणि राजगड ज्या तालुक्यात आहेत, त्या वेल्ह्यातील (या तालुक्यास 'राजगड' हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये घेतला) वाचकाला ही रचना उफराटी वाटल्यावाचून राहणार नाही. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या व त्यांच्या मधोमध उभा बालेकिल्ला ही राजगडाची मांडणी उंची म्हणजे बचाव या गृहीतावर उभी आहे. त्या गृहीताशी जुळणारा खेळ 'डाँकी काँग' हा आहे. फक्त तेथे गडावर खलनायक बसलेला आहे आणि नायक वेढा घालणारा आहे. वानर माथ्यावरून पिंपे लोटतो आणि नायक खालून चढतो. गडावरून धोंडे लोटण्याचे युद्धतंत्र ज्यांना इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातून ठाऊक आहे, त्यांना हा पडदा अपरिचित वाटणार नाही.

भूलभुलैया आणि पाटी

तोरू इवातानी यांचा 'पॅक-मॅन' हा या कालखंडातील सर्वांत विख्यात खेळ. जपानमध्ये त्याचे नाव 'पक-मॅन' होते. अमेरिकेत इंग्रजी अक्षर खरवडून अश्लील शब्द करता येईल या भीतीने ते बदलण्यात आले. गोळीबाराच्या खेळांनी भरलेल्या पार्लरमध्ये स्त्रियांनीही यावे, या हेतूने इवातानी यांनी खाण्याची क्रिया केंद्रस्थानी आणली. चक्रव्यूहात 240 ठिपके आणि 4 मोठ्या गोळ्या असतात. पाठलाग करणारी चार भुते असतात.

या खेळाची तुलना सामान्यतः लपंडावाशी केली जाते. ती वरवरची आहे. अधिक जवळची तुलना आट्यापाट्यांशी होईल. आट्यापाट्यांत मैदान पाट्यांनी विभागलेले असते. पाटी धरणारा आपल्या पाटीशी बांधलेला असतो; मधून उभी जाणारी सूरपाटी सांभाळणारा तेवढा लांबवर धावू शकतो. चढाई करणाऱ्याने हुलकावणी देत सर्व पाट्या ओलांडून परत यावयाचे असते. 'पॅक-मॅन'प्रमाणे येथेही बळापेक्षा वाटेचे ज्ञान श्रेष्ठ ठरते. दोन्ही खेळांत प्रतिस्पर्धी एकसारखे नसतात. लाल भूत थेट मागे लागते. गुलाबी भूत नायकाच्या तोंडापुढील जागेवर नेम धरते, म्हणजे वाट अडवते. निळे भूत नायकाचे व लाल भुताचे स्थान यांवरून आपली दिशा ठरवते. नारिंगी भूत जवळ आले की माघार घेऊन कोपऱ्याकडे वळते. चौघांचे चार स्वभाव, आणि त्यांच्या संयोगातून कोंडी होते. सूरपाटीवरील खेळाडू आणि आडव्या पाटीवरील खेळाडू यांच्या संगनमताने चढाई करणारा जसा कोंडला जातो, तसेच हे घडते.

तथापि भेद अधिक बोलका आहे. आट्यापाट्यांत हुलकावणी माणसाला दिली जाते. समोरच्याचा डोळा, त्याच्या खांद्याचा झोल, त्याचा थकवा या सर्वांचा अंदाज घ्यावा लागतो. 'पॅक-मॅन'मधील भुते थकत नाहीत आणि फसतही नाहीत. ती ठरलेल्या नियमाने चालतात. त्यामुळे एकच मार्ग नेमका पुन्हा चालला तर भुतेही नेमकी तशीच वागतात. अमेरिकेतील निष्णात खेळाडूंनी असे मार्ग तोंडपाठ केले आणि त्यांच्या पुस्तिकाही निघाल्या. खेळाचे रूपांतर पाठांतरात झाले. जो समाज पाठांतराला विद्येचे मूळ मानत आला त्याने या कौशल्याला उनाडपणा म्हणावे, हा एक विनोदच म्हणावा लागेल.

मोठी गोळी खाल्ल्यावर काही क्षण भुते निळी होतात आणि पळणारा पाठलाग करणारा होतो. आट्यापाट्यांत डाव बदलला की पक्षांची अदलाबदल होते. ती न्याय्य आणि पूर्ण असते. येथील अदलाबदल क्षणिक आहे आणि तिचा काळ पुढील पातळ्यांवर घटत जातो. एकोणिसाव्या पातळीपासून भुते निळी होणे थांबते. म्हणजे सुरुवातीला दिलेली सवलत यंत्र हळूहळू काढून घेते. 256 व्या पातळीवर तर पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक चिन्हांनी भरून जातो, कारण पातळी मोजणारा आकडा त्याच्या मर्यादेपलीकडे जातो. रचनाकारांनी शेवट लिहिलाच नव्हता. येथवर कोणी पोचेल असे त्यांना वाटले नव्हते.

शिडी आणि मोक्ष

'डाँकी काँग' हा शिगेरू मियामोतो यांचा खेळ. निंटेंडोचा 'रडार स्कोप' हा खेळ अमेरिकेत विकला गेला नाही, म्हणून पडून राहिलेल्या यंत्रांत घालण्यासाठी तो तयार करण्यात आला. त्यात 25, 50, 75 व 100 मीटर अशा चार उंचींचे चार पडदे आहेत. शिडी हे त्याचे मुख्य साधन. शिडीवरून विचार करणाऱ्या मराठी वाचकाला मोक्षपट आठवणे स्वाभाविक आहे. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या या पटावर सद्गुणांच्या घरातून शिड्या वर जातात आणि दुर्गुणांच्या घरातून सर्प खाली ओढतात. चाल दानावर ठरते. खेळणाऱ्याला निवड नाही; जे दान पडेल ते भोगावयाचे. मात्र पटाला शेवटचे घर आहे आणि तेथे पोचलेला सुटतो.

'डाँकी काँग'मध्ये उलट स्थिती आहे. कोणती शिडी घ्यावी, केव्हा उडी मारावी, हे सर्वस्वी खेळणाऱ्याच्या हाती आहे. दैवाचा वाटा अल्प आहे. परंतु सुटका नाही. 100 मीटरवर वानर कोसळतो, नायक-नायिकेची भेट होते आणि लगेच खेळ पुन्हा 25 मीटरवर अधिक कठीण होऊन सुरू होतो. मोक्षपट स्वातंत्र्य काढून घेतो आणि मुक्ती देतो. आर्केडचा खेळ स्वातंत्र्य देतो आणि मुक्ती नाकारतो. या एका वाक्यात या कालखंडाचे तत्त्वज्ञान सांगता येईल असे वाटते, आणि म्हणूनच त्याकडे थोडे संशयानेही पाहावयास हवे. कारण मुक्ती नाकारण्यामागे तत्त्वज्ञानापेक्षा हिशेब अधिक होता. यंत्राच्या मालकाला पुढचे नाणे हवे होते.

येथे 'मिसाइल कमांड'चा अपवाद नमूद करणे आवश्यक आहे. डेव्ह थ्यूरर यांच्या या खेळात खेळणारा सहा शहरांचे क्षेपणास्त्रांपासून रक्षण करतो. शहरे अखेर नष्ट होतातच. शेवटी पडद्यावर 'गेम ओव्हर' ही नेहमीची अक्षरे न येता 'द एंड' अशी अक्षरे येतात. शीतयुद्धाच्या काळात, अण्वस्त्रांच्या छायेत केलेली ही निवड आहे. येथे हार ही व्यापारी सोय राहत नाही. ती आशय बनते. या कालखंडातील एकच खेळ साहित्याच्या अभ्यासकापुढे ठेवावयाचा असेल तर तो 'पॅक-मॅन' नव्हे, 'मिसाइल कमांड' असावा.

नाण्याचे रूपतत्त्व

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (1974) या ग्रंथात लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमधील ताण हा सौंदर्यविचाराचा गाभा मानला. आर्केड गेम हा ताण उघडपणे वागवतो. पडद्यावरील विश्व स्वायत्त आहे, पण त्याच्या दारात नाणे आहे. हे नाणे बाह्य व्यवहार नसून रूपाचा घटक आहे, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रतिपाद्य मुद्दा होय. तीन 'जीव' का, काठिण्य इतक्या झपाट्याने का वाढते, शेवट का नाही, या सर्व प्रश्नांची उत्तरे नाण्यापाशी येतात.

आता महाराष्ट्राकडे वळता येईल. 1980 च्या दशकात आयात शुल्क आणि परवान्यांच्या काळात ही यंत्रे प्रामुख्याने मोठ्या शहरांपुरती राहिली. 1991 च्या आर्थिक धोरणानंतर ती निमशहरी भागांत पसरली. तोवर मूळ सुवर्णयुग संपून दशक उलटत आले होते. महाराष्ट्रातील पार्लरमध्ये ज्या खेळाने खरी सत्ता गाजवली तो कॅपकॉमचा 1993 मधील 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या चित्रमालिकेवर तो आधारलेला होता. त्यात निवडण्यासाठी चार पात्रे आहेत आणि त्यांपैकी एक मुस्तफा कैरो. भारतभर हा खेळ 'मुस्तफा' याच नावाने ओळखला गेला. इंग्रजी शीर्षक बाजूला सारून खेळणाऱ्यांनी आपल्याला जवळच्या वाटणाऱ्या पात्राचे नाव कृतीला दिले. नायकाचे स्थान त्या चित्रमालिकेत जॅक टेनरेकचे आहे, हे त्यांच्या खिजगणतीतही नव्हते. वाचकाने संहितेचे पुनर्लेखन करणे म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ उदाहरण वर्गात देता येणार नाही.

परंतु 'मुस्तफा' आणि 'पॅक-मॅन' हे रूपाने एक नाहीत. 'मुस्तफा'ला आठ टप्पे आहेत आणि शेवट आहे. जीव संपल्यावर पडद्यावर आकडे उलटे मोजले जातात; त्या अवधीत नाणे टाकले तर खेळ तेथूनच पुढे चालू राहतो. काही अपवाद वगळता सुवर्णयुगात नाणे फक्त आरंभ विकत घेत असे. श्रीमंत आणि गरीब मुलगा पहिल्या पडद्यावर सारखेच उभे राहत आणि पुढची मजल हातातील कसबावर ठरत असे. 1985 मधील अटारीच्या 'गाँटलेट'मध्ये नाणे टाकून शक्ती वाढवता येऊ लागली आणि त्यानंतर नाणे सातत्य विकत घेऊ लागले. मोक्षाचे शेवटचे घर परत आले खरे, पण शिडी आता पैशाची होती. दोन रुपये खिशात घेऊन आलेला आणि पन्नास रुपये घेऊन आलेला यांचे खेळ आता एक राहिले नाहीत.

महाराष्ट्राला मिळालेले रूप हे दुसरे आहे. म्हणून मराठीतील स्मरणरंजनात आर्केडच्या 'सुवर्णयुगा'विषयी जो समतेचा सूर लागतो (सगळे एका यंत्राभोवती, सगळे सारखे), तो ऐतिहासिकदृष्ट्या तपासून घ्यावा लागतो. यंत्राभोवतीची गर्दी खरी होती. दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहणे, सल्ले देणे, टोकन उसने देणे हेही खरे. पण ती समता पार्लरमधील मुलांनी निर्माण केलेली होती. यंत्राच्या रचनेत ती उरलेली नव्हती. आणि या मुलांत मुली जवळजवळ नव्हत्या, हेही नोंदवावयास हवे. इवातानी यांनी ज्यांच्यासाठी खाण्याचा खेळ रचला आणि ज्यांच्यापैकी डोना बेली यांनी 'सेंटिपीड'च्या निर्मितीत भाग घेतला, त्या स्त्रियांना येथील पार्लरच्या उंबऱ्याच्या आत जागा नव्हती.

कायद्याने या खेळांकडे रूप म्हणून नव्हे, कसब की नशीब या एकाच निकषाने पाहिले. एम. जे. सिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य (1995) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ गेम पार्लरवरील परवाना पद्धती वैध ठरवली आणि यंत्रांत फेरफार करून कसबाच्या जागी नशीब आणले जाऊ शकते याकडे लक्ष वेधले. न्यायालयाचा हा संशय अनाठायी नव्हता. मात्र मोक्षपट आणि 'डाँकी काँग' यांच्या तुलनेतून दिसते ते असे की, नशिबाचा खेळही नीतीचा असू शकतो आणि कसबाचा खेळही खिसा रिकामा करू शकतो. 2025 मधील ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना कसब-नशीब हा भेद न मानता मनाई केली. तीस वर्षांनी कायदा नाण्याच्या प्रश्नापाशी आला.

तीन अक्षरे

'अ‍ॅस्टेरॉइड्स'ने उच्चांक करणाऱ्याची तीन आद्याक्षरे नोंदवण्याची पद्धत लोकप्रिय केली. तीन रोमन अक्षरांची ही चौकट पाश्चात्त्य खेळाडूला काहीशी कृत्रिम वाटत असावी. मराठी माणसाला ती सोयीची आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तीन आद्याक्षरे तो शाळेच्या हजेरीपटापासून लिहीत आलेला असतो. परक्या यंत्राने नकळत मराठी नावाच्या मापाची जागा सोडली होती. लिपी तेवढी देवनागरी नव्हती.

यांतील बहुसंख्य यंत्रांत उच्चांकांची यादी वीज असेपर्यंतच टिके. वीज गेली की यादी पुसली जाई आणि यंत्र कारखान्यात भरलेली मूळ नावे पुन्हा दाखवू लागे. भाटघर धरणाच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्र असलेल्या भोर तालुक्यालाही ग्रामीण महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले भारनियमन चुकले नाही. पार्लर बंद पडल्यावर यंत्रे बहुधा भंगारात गेली. त्यामुळे या विषयाच्या पुढील अभ्यासासाठी यंत्रांपेक्षा खेळणाऱ्यांच्या तोंडी राहिलेल्या शब्दांवर विसंबावे लागेल. कोणत्या खेळाला काय नाव पडले होते, टोकनाचा दर काय होता, उभे राहून पाहणाऱ्याला कोणती संज्ञा होती, जत्रेतील नेमबाजीच्या दुकानाशी या यंत्रांची तुलना कोणी करत होते काय, आणि भोर-वेल्ह्यातून स्वारगेटला उतरणाऱ्या महाविद्यालयीन मुलांनी पहिले नाणे कोठे टाकले, असे प्रश्न घेऊन महाविद्यालयांच्या मराठी व समाजशास्त्र विभागांना हे संकलन करता येईल. ज्यांना विचारावयाचे ते आज चाळीस ते पंचावन्न वयाचे आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांची मुले याच महाविद्यालयांत शिकत आहेत.